धावणारे आणि पाहणारे

जानेवारीतला तिसरा रविवार उलटला की सोमवारी आमच्या स्टाफरूममध्ये मुंबई मॅरेथॉनचा विषय निघतो. आमच्यापैकी एकही जण त्यात कधी धावलेला नाही. सकाळच्या घंटेच्या आत शाळेचे फाटक गाठणे, एवढीच आमची धाव. पण वर्तमानपत्रातले फोटो सगळे पाहतात. २०१५ सालच्या अशाच एका सोमवारी आम्ही ते वर्तमानपत्र आठवीच्या वर्गात घेऊन गेलो. नोकरीला लागून आम्हाला दुसरेच वर्ष होते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी वाचनाची सवय व्हावी म्हणून मराठीच्या तासाला आम्ही बातम्या वाचून घेतो. पहिल्या पानावर सिनेनट होते, उद्योगपती होते, हात हलवणारे पुढारी होते. एका मुलाने अडखळत सगळी बातमी वाचली, मान वर केली आणि विचारले, "सर, फर्स्ट कौन आया?"

बातमीत ते नव्हते. आत खेळाच्या पानावर शोधावे लागले. भारतीय महिलांमध्ये ललिता बाबर पहिली आली होती, २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी ४२ किलोमीटर १९५ मीटर धावली होती. पहिल्या पानावरची बरीचशी मंडळी ज्यात धावली त्या 'ड्रीम रन'चे अंतर साधारण सहा किलोमीटर. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, ललिता रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय महिला ऑलिंपिकच्या धावण्याच्या मैदानात अंतिम फेरीपर्यंत पोचली होती.

मुलाचा प्रश्न साधा होता. तो आमच्या डोक्यातून मात्र जाईना. जो पुढे धावतो त्याच्याकडे पाहणे हा त्याचा हक्क आहे, की पाहणाऱ्याची मर्जी? पैसा बुडवला तर त्याचा हिशेब मागता येतो. नजर बुडवली तर कोणाकडे दाद मागायची?

ही खोड एकट्या मुंबईची आहे असे समजू नये. न्यूयॉर्क या बाबतीत आपल्या फार पुढे आहे. ५ नोव्हेंबर २००६ रोजी तिथल्या मॅरेथॉनमध्ये लान्स आर्मस्ट्राँग धावला. हा अमेरिकेचा सायकलपटू. कर्करोगातून उठून त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत जिंकलेली. मॅरेथॉनमध्ये तो प्रथमच उतरत होता. कर्करुग्णांसाठी निधी जमवणे हाही हेतू होता, हे नमूद केले पाहिजे. त्याच्यासाठी एक वेगळा कॅमेरा ठेवला होता, फक्त त्याच्या मागावर. त्याला वेग सांभाळून द्यायला, सोबत करायला कोण होते? न्यूयॉर्क मॅरेथॉन लागोपाठ तीनदा जिंकलेला अल्बर्टो सालाझार. १९८४ साली महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकलेली जोन बेनॉइट सॅम्युएलसन. आणि मोरोक्कोचा हिशाम अल गरूज, ज्याने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पंधराशे आणि पाच हजार मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या होत्या.

खरे सांगायचे तर अल गरूजचे नाव वाचून आम्ही आधी खूश झालो. 'आपला' एक माणूस तिथे होता! मग जरा लाज वाटली. त्या क्षणी आम्ही तरी धावणे कुठे पाहत होतो? आम्हीही नावच पाहत होतो. आणि तो तिथे काय करत होता, तर दुसऱ्या एका नावाला सोबत करत होता. एक मैल अंतर जगात सर्वांत कमी वेळात धावण्याचा विक्रम ज्याच्या नावावर, तो त्या दिवशी एका नवशिक्याचा सोबती.

आर्मस्ट्राँगला २ तास ५९ मिनिटे ३६ सेकंद लागले. आजवर केलेले सर्वांत कठीण काम हेच, अशी कबुली त्याने शेवटी दिली, ते मात्र आम्हाला आवडले. पण त्याच्या सुमारे पन्नास मिनिटे आधी शर्यत संपलेली होती. ब्राझीलचा मारिल्सन गोमेस दोस सांतोस २ तास ९ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकला होता. ही शर्यत जिंकणारा तो दक्षिण अमेरिकेचा पहिला पुरुष. यातली गंमत अशी की त्याच्याकडे नुसत्या कॅमेऱ्याने दुर्लक्ष केले नाही, बरोबर धावणाऱ्यांनीही केले. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात तो पुढे निघाला तेव्हा त्या वेळचा विश्वविक्रमवीर केनियाचा पॉल टेरगाट आणि इतर मातब्बरांनी त्याला जाऊ दिले. दमेल आणि येईल मागे, असा हिशेब. तो आलाच नाही. २००८ साली त्याने तीच शर्यत पुन्हा जिंकली, म्हणजे पहिला विजय काही नशिबाचा खेळ नव्हता.

आर्मस्ट्राँगचे पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. उत्तेजक द्रव्ये घेतल्याचे उघड झाले आणि २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली. आमचा मुद्दा तो नाही. तो अगदी सच्चा निघाला असता तरी त्या मुलाचा प्रश्न तसाच उरला असता.

आमचे विज्ञानाचे सहकारी या सगळ्याला हसतात. ते म्हणतात, तुम्ही एकच बाजू पाहता. त्यांचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही. १९९४ साली ओप्रा विन्फ्रे वॉशिंग्टनची मरीन कोअर मॅरेथॉन धावली. टीव्हीवरची बाई, वय चाळीस, अंगाने भरलेली आणि वजन कमी करण्याचा तिचा झगडा सगळ्या अमेरिकेने पाहिलेला. तिला ४ तास २९ मिनिटे २० सेकंद लागले. ऑलिंपिकच्या हिशेबाने ही वेळ काहीच नाही. पण ती पाहून कितीतरी साध्या, नोकरी-घर करणाऱ्या माणसांना वाटले की हे आपल्यालाही जमेल. पुढे कित्येक वर्षे हौशी धावपटू तिच्या वेळेशी आपली वेळ ताडून पाहत राहिले. एखादा विजेता जे करू शकत नाही ते त्या प्रसिद्ध बाईने केले. विजेत्याकडे पाहून आपण थक्क होतो. तिच्याकडे पाहून लोकांनी बूट घातले.

शिवाय हा खेळच निराळा. क्रिकेटच्या कसोटीत तुम्हा-आम्हाला कोणी खेळू देणार नाही. मॅरेथॉनमध्ये मात्र जगज्जेता आणि पोस्टातला कारकून एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर धावतात. तिसाव्या किलोमीटरनंतर प्रसिद्ध माणसाचे गुडघे कारकुनाच्या गुडघ्यांपेक्षा कमी दुखत नाहीत. आणि कोण दिखाव्यासाठी धावला, कोण मनापासून, हे ठरवणारे आपण कोण? नीयतीचा हिशेब आपल्या हाती दिलेलाच नाही. तेव्हा प्रसिद्ध धावपटूंना आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. सहकाऱ्यांचे एवढे म्हणणे आम्हाला मान्य आहे.

मग इन्साफ कशात आहे? कॅमेरा नटाकडून वळवून खऱ्या धावणाऱ्याकडे केला की झाले? बरीच वर्षे आम्हाला तसेच वाटत होते. पण त्याच २००६ साली, न्यूयॉर्कच्या सहा महिने आधी, आपल्याच देशात एकदा तसे झाले होते. २ मे रोजी ओडिशात बुधिया सिंग नावाचा मुलगा पुरीहून भुवनेश्वरला धावत निघाला. पासष्ट किलोमीटर, सात तास दोन मिनिटे. वय अवघे चार वर्षे आणि काही महिने. त्या वयाचे मूल आमच्याकडे बालवाडीत असते, चपलेचा पाय उलटा घालते. मे महिन्याचे ऊन, भोवती गाड्या, गर्दी, टीव्हीवाले. शेवटी शेवटी त्या पोराला पाय उचलवेना. लिम्का बुकात विक्रम लागला. पुढे डॉक्टरांनी तपासले, सरकारने लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली. त्याचे प्रशिक्षक बिरंची दास यांच्यावर आरोप झाले, त्यांनी ते नाकारले आणि २००८ साली त्यांचा गोळ्या घालून खून झाला. मुलगा क्रीडा वसतिगृहात गेला. २०१६ साली त्याच्यावर हिंदी सिनेमाही निघाला, तोवर तो चौदा वर्षांचा झाला होता.

इथे तर कोणी नट आडवा आला नव्हता. कॅमेरा नेमका धावणाऱ्यावरच होता, पूर्ण सात तास. एवढे डोळे लागलेले असताना "आता पुरे, बस खाली" म्हणायला त्या रस्त्यावर फार उशीर झाला. हे आम्ही आज शिक्षक म्हणून म्हणतो. त्या वेळी शाळकरी वयात टीव्हीवर ते दृश्य पाहून आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या.

इतके लिहिल्यावर आमच्या घरचे सांगितले नाही तर ती लबाडी ठरेल.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेचे सालाना खेळ झाले. मैदानावर फक्कीने दोनशे मीटरचे वर्तुळ आखलेले. मोठ्या मुलांची तीन हजार मीटरची शर्यत, म्हणजे पंधरा चकरा. नववीतला एक मुलगा सुरुवातीपासून पुढे होता. त्याचे वडील बेकरीत रात्रपाळी करतात, त्यामुळे सकाळी ते झोपलेले, पाहायला आलेले नव्हते. अकरावी-बारावी चक्कर चालू असेल, तेवढ्यात फाटकाशी गाडी आली. मेहमाने खुसूसी. टीव्हीवरच्या एका मालिकेत काम केलेले आमच्याच भागातले गृहस्थ. हेडमास्तर साहेब धावले, हार घेऊन मुली धावल्या, चकरा मोजणारे पी. टी.चे सर धावले. फोटोंचे काम आमच्याकडे होते. आम्हीही धावलो.

परत आलो तेव्हा मुले धावतच होती. चकरांची गिनती कोणाजवळ नव्हती. शेवटच्या चकरेची घंटा अंदाजाने वाजवली गेली. तो मुलगाच पहिला आला. बक्षीस झाले, टाळ्या झाल्या. नंतर नळावर पाणी पिताना तो आम्हाला हळूच म्हणाला, "सर, सोला चक्कर हुए."

"तुला कसे ठाऊक?"

"मैं गिन रहा था."

"फिर पंद्रह पे रुका क्यूं नहीं?"

"कोई देख नहीं रहा था, सर. रुकता तो बोलते, छोड दिया."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाणी पिऊन तो निघून गेला. दोन दिवसांनी अम्मीला दाखवायला धावतानाचा फोटो मागायला आला. आम्ही मोबाइल चाळला. पाहुण्यांचे सदतीस फोटो निघाले. गाडीतून उतरताना, हार घालताना, चहा घेताना. त्या मुलाचा एकच होता, पदक घेतानाचा. त्यात पाहुण्यांचा हात पूर्ण आला आहे, मुलाचा चेहरा अर्धा.

तेच पाहुणे यंदाही येणार आहेत. पत्र आम्हीच लिहिले, वेळ साडेदहाची कळवली. तीन हजार मीटरची शर्यत नऊला उरकून घ्यावी असे आम्ही सुचवले होते. हेडमास्तर साहेब म्हणाले, पाहुण्यांना बघायला काहीतरी मोठे हवे, ती त्यांच्यासमोरच राहू द्या. फोटोंचे काम आम्ही या वेळी दुसऱ्याकडे दिले आहे. पी. टी.च्या सरांकडून पाटी आणि खडू मागून घेतला आहे.