दुसरी अक्षरओळख

वाचन, लेखन आणि हिशेब यांच्या पंक्तीला संगणकाची आज्ञावली रचण्याची विद्याही बसवावी, हा विचार आज शासकीय धोरणांत आणि खाजगी शिकवण्यांच्या जाहिरातींत सारख्याच सहजतेने वावरत असला, तरी त्याचा उगम नोकरीच्या नव्हे, सत्तेच्या चिंतेतून झाला होता. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत, जेव्हा संगणक म्हणजे खोली व्यापून बसणारे आणि सामान्य माणसाच्या दृष्टीस क्वचितच पडणारे यंत्र होते, तेव्हा संगणकशास्त्रज्ञ ॲलन पर्लिस यांनी असे प्रतिपादन केले की प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो कोणत्याही शाखेचा असो, ही विद्या उच्च शिक्षणाच्या आरंभीच आत्मसात करावी. त्याच व्याख्यानमालेत इंग्रज लेखक सी. पी. स्नो यांनी, लोकांच्या आयुष्याचे निर्णय यंत्राची भाषा जाणणाऱ्या मूठभरांच्या हाती जातील, असा इशारा दिला होता. आणि ही दोन प्रतिपादने एकत्र वाचली म्हणजेच पर्लिस यांच्या सूचनेचे खरे गांभीर्य ध्यानी येते.

मराठी वाचकाला ही चिंता परकी वाटू नये. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी गावोगावच्या प्राथमिक शाळांत बाळबोध आणि मोडी या दोन्ही लिप्यांचे लेखन-वाचन व हिशेब शिकवावेत अशी मागणी केली होती. बाळबोध येऊ लागले तर छापील पुस्तक वाचता येई. पण दफ्तरातले कागद, देण्याघेण्याचे दस्तऐवज, कर्जरोखे हे सारे प्रायः मोडीत असत, आणि ज्या कुणब्याला मोडी येत नसे त्याला कुलकर्ण्याने वाचून दाखविले तेच खरे मानून अंगठा उठवावा लागे. आज कोणाचे कर्ज मंजूर व्हावे किंवा कोणाचा अर्ज छाननीत गळावा, याचे नियम उत्तरोत्तर आज्ञावलीत लिहिले जात असताना, फुल्यांच्या मागणीतला मोडीचा आग्रह मला सर्वांत आधुनिक वाटतो.

पर्लिस यांच्या सूचनेवर त्या व्याख्यानमालेतच पीटर इलायस यांनी आक्षेप घेतला होता: यंत्रेच लवकर इतकी समंजस होतील की ही विद्या सर्वांना शिकविण्याचे प्रयोजन उरणार नाही. साध्या मराठी वाक्यावरून आज्ञावली रचून देणारी यंत्रे आता प्रत्यक्ष हाती आल्यामुळे हा आक्षेप नव्या जोमाने मांडला जातो. परंतु यंत्राने लिहून दिलेला मसुदा ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापुढचा कुलकर्णी फक्त बदललेला असतो.

सूचना प्रत्यक्षात आणण्याचा पहिला मोठा उद्योग अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात झाला. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी तयार केलेली बेसिक ही भाषा १ मे १९६४ च्या पहाटे प्रथम चालली, आणि ग्रंथालयात कोणीही जाऊन पुस्तक काढावे तितक्या मोकळेपणाने साहित्य व इतिहासाचे विद्यार्थीही तेथे यंत्रासमोर बसू लागले.

या विचाराला बालकापर्यंत नेण्याचे श्रेय मात्र प्रामुख्याने सीमोर पॅपर्ट यांचे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या सहवासात मुलांच्या विचारप्रक्रियेचे निरीक्षण केलेल्या या गणितज्ञाने, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह १९६७ मध्ये लोगो ही भाषा सिद्ध केली. तिच्यातले कासव 'पुढे १००', 'उजवीकडे ९०' अशा आज्ञा ऐकत चालते आणि मागे रेघ उमटवीत जाते. आता समभुज त्रिकोण काढू पाहणाऱ्या मुलाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे पाठ असलेले मूल कासवाला प्रत्येक शिरोबिंदूपाशी साठ अंश वळायला सांगते, आणि तिसरी बाजू संपली तरी आकृती मिटत नाही. उलट त्याच आज्ञा चालू ठेवल्या तर कासव षटकोन पुरा करून मूळ जागी येते. मूल बुचकळ्यात पडते, स्वतः उठून जमिनीवर तीन बाजू चालून पाहते, आणि चालताना आपले अंग साठ नव्हे, एकशेवीस अंशांनी फिरते हे त्याच्या ध्यानी येते. उत्तर चुकले म्हणून तांबडी फुली मारणारा येथे कोणी नसतो. चूक समोर आकृतीच्या रूपाने उभी असते आणि तिचे कारण तपासता येते. पॅपर्ट यांच्या १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथाचे सारे बळ माझ्या मते या एका निरीक्षणात आहे.

याच सुमारास सोव्हिएत संघात आंद्रेई येर्शोव्ह वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षापाशी आले. नोवोसिबिर्स्कच्या या शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये लोझान येथील परिषदेत प्रोग्रॅमिंगला दुसरी साक्षरता म्हटले, आणि १९८५ च्या सप्टेंबरात सोव्हिएत शाळांच्या वरच्या इयत्तांना हा विषय सक्तीने लागू झाला. यंत्रे इतकी दुर्मिळ होती की असंख्य वर्गांत रशियन शब्दांनी रचलेल्या एका भाषेत आज्ञा कागदावरच लिहून शिक्षण चालले. या प्रकाराला हसणे सोपे आहे; पण मातृभाषेत एखाद्या कृतीचा अचूक, संदिग्धतारहित तपशील लिहिणे हा व्यायाम कमी मोलाचा नव्हता. उणीव होती ती प्रत्युत्तर देणाऱ्या कासवाची.

लोगोभोवतीच्या अपेक्षाही अवास्तव वाढल्या होत्या, हे सांगितलेच पाहिजे. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट महाविद्यालयातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास केलेल्या अभ्यासांत, वर्षभर लोगो शिकलेली मुले इतर कामांच्या नियोजनात अधिक तरबेज झाल्याचे आढळले नाही. एक विद्या शिकल्याने बुद्धी सर्वत्र धारदार होते, ही समजूत संस्कृत व्याकरणाच्या पाठांतराबाबतही आपण बाळगून होतोच.

आपल्याकडे १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र प्रथम अडीचशे शाळांत पोचविले. महाराष्ट्रात पुढे एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने लाखो लोकांच्या मनातील यंत्राची भीती घालविली, आणि हे कार्य क्षुल्लक नव्हे. परंतु पत्र टंकित करणे आणि तक्ता भरणे ही दुसऱ्याने रचलेल्या आज्ञावलीची वहिवाट होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व इयत्तांत कोडिंगचा अंतर्भाव करून रचनेकडे पुन्हा मोर्चा वळविला आहे. परीक्षेचा शिरस्ता मात्र जुनाच. छापील आज्ञावलीतील चुका शोधण्याचा प्रश्न येतो खरा. पण ती चूक परक्याची, हेतुपुरस्सर पेरलेली आणि उत्तरसूचीत आधीच नोंदलेली असते. स्वतःच्या न मिटलेल्या त्रिकोणापाशी थांबण्यासाठी वेळापत्रकात तास नाही.