न केलेल्या कर्माचा भोग

नाशकास रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी, आणि तेथून आठ-नऊ कोसांवरील त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबलीच्या तीन दिवसांच्या विधीसाठी, जी माणसे दूरदूरच्या मुलखांतून वर्षभर येत असतात, त्यांची श्रद्धा तपासून पाहिली तर तिच्या तळाशी एक विचार आढळतो : पूर्वजांच्या हयातीत जे अतृप्त राहिले ते त्यांच्याबरोबर संपले नाही, घरातील आजारपण आणि खुंटलेला वंश या रूपांनी ते वारसांच्या वाट्यास आले. सुशिक्षित मनुष्य ही समजूत भोळेपणात जमा करून मोकळा होतो, आणि विधीने रोग बरा होतो काय एवढ्यापुरते बोलावयाचे तर त्याचे म्हणणे मलाही कबूल आहे. परंतु विधी ज्या प्रश्नातून निघाला तो प्रश्न मात्र भोळा नाही. स्वतः न केलेल्या गोष्टीचे फळ मनुष्यास भोगावे लागते काय, आणि लागत असेल तर त्याची जबाबदारी कोणाची?

आपल्या दर्शनकारांनी याचे उत्तर ठामपणे नकारार्थी दिले आहे. केलेल्या कर्माचे फळ न मिळणे ही ‘कृतहानी’ आणि न केलेल्याचे फळ पदरी येणे हा ‘अकृताभ्यागम’. हे दोन दोष ज्या मतात उद्भवतात ते मत त्याज्य होय, असा त्यांचा दंडक होता. मग जन्मतःच व्याधिग्रस्त असलेल्या अर्भकाचा खुलासा कसा करावयाचा? त्याच जीवाच्या पूर्वजन्माकडे बोट दाखवून त्यांनी हिशेब जुळवला, आणि कर्मविपाकाच्या ग्रंथांनी तर अमुक पापास अमुक रोग अशी यादीच सिद्ध केली. या व्यवस्थेत विश्व हे कधीही न चुकणारे न्यायासन ठरते, ही तिची थोरवी. आणि रोग्यास त्याच्या वेदनेबरोबर अपराधीपणाही सोसावा लागतो, ही तिची किंमत.

वैद्यांची दृष्टी निराळी होती. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार करून पहिल्याचे मूळ मातापित्यांच्या बीजातील दोषात, तर दुसऱ्याचे अहितकर आहारात सांगितले, आणि पहिला रोगी कृश असतो असेही नमूद केले. मधुमेही पित्याच्या पोटी जन्मलेल्याचा प्रमेह चरकाने बीजदोषामुळे असाध्य मानला. म्हणजे दार्शनिक ज्यास अशक्य म्हणत होता ते वैद्य रोज समोर पाहत होता.

हा प्रश्न आपल्या काळात पुन्हा पुढे आला तो पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनामुळे. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवली, गरोदरपणातील त्यांचा आहार व श्रम तपासले, आणि जन्मलेल्या मुलांची इंग्लंडातील साऊदॅम्प्टन येथील नवजात मुलांशी तुलना केली. तिकडचे मूल सरासरी साडेतीन किलोचे, तर इकडचे सुमारे 2.7 किलोचे, परंतु हे उणेपण सर्वांगी सारखे नव्हते. स्नायू व पोटातील अवयव यांत ते मोठे होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत होती. दिसावयास कृश आणि आतून मेदयुक्त, असे हे शरीर असते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन जेथे साखर खर्ची घालावयाची ते स्नायूच तोकडे, आणि त्याच्या कार्यास अडथळा आणणारा मेद मात्र भरपूर, अशी ही घडण असल्यामुळे पुढे पोटभर अन्न आणि बैठे काम वाट्यास आले की मधुमेहाचा मार्ग सुकर होतो. सातबाऱ्यावरील बोजासह जमीन वारसाच्या नावे चढावी, तसे हे शरीर मुलाच्या नावे चढते.

यापुढील निष्कर्ष तर कर्मविपाकाच्या यादीस मुळातूनच हादरा देणारा आहे. त्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फॉलेट अधिक होते त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला अधिक अवरोध करणारी निघाली. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते. मांस वर्ज्य करणारा आचार आणि घरात पुरेसे दूध येऊ न देणारे दारिद्र्य ही दोन्ही जेथे एकत्र नांदतात, तेथे त्याची वाण पडावी हे ओघानेच आले. आता पाप कोठे शोधावे? शास्त्रांच्या मोजमापाने पाहिले तर निरामिष आहार हे त्या मातेचे पुण्य होते, आणि शेतात राबणे हे तिचे कर्तव्य होते. तिच्या पुण्याचा आणि कर्तव्याचा भोग तिच्या मुलाच्या वाट्यास आला. अकृताभ्यागम घडतो, निसर्ग दर्शनकारांचा दंडक पाळत नाही.

येथे एका धोक्याची जाणीव करून दिली पाहिजे. पूर्वजन्मावरून उठवलेला आरोप सोयीस्करपणे आईवर ठेवला जाण्याचा हा धोका होय. पण गरोदर स्त्रीने काय खावे आणि किती श्रम करावे हे आपल्याकडे बहुधा तिच्या मर्जीवर कधीच नव्हते. घरात शेवटी जेवणारी तीच, आणि दुरून पाणी आणणारीही तीच. तीही स्वतः कोणाच्या तरी उपाशी उदरातून आलेली असते. ही साखळी मागे नेत गेल्यास अपराधी सापडत नाही. दुष्काळ, गरिबी आणि घरोघरची पंगतीची रीत तेवढी सापडते.

तर मग सर्वच दैवाधीन समजून स्वस्थ बसावे काय? चरकाने आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या योगाने ठरते असे प्रतिपादिले, आणि सारे नियत असते तर वैद्यकास अर्थच उरला नसता हे स्पष्ट केले. 1922 च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास इन्सुलिन टोचले गेले, तेव्हा या प्रतिपादनास आणखी एक भरभक्कम पुरावा मिळाला. पुण्याच्या संशोधकांनी 2012 मध्ये त्याहून मागचे टोक धरले : अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींनाच, ती आईबाप होण्यापूर्वी, ब-12 व अन्य सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग त्यांनी आरंभिला. यात मुलगेही घेतले होते हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. वारशाची जबाबदारी एकट्या आईच्या पदरात टाकण्याच्या आपल्या जुन्या खोडीस तो शास्त्रीय शिस्तीचा नकार होता.

न्याय विश्वाच्या घडणीतच असला पाहिजे, अशी दर्शनकारांची अपेक्षा होती. ती अपेक्षा उदात्त होती. तिचा पत्ता तेवढा चुकला. रक्त, ग्रंथी आणि गर्भाशय यांस पापपुण्य कळत नाही, आणि म्हणूनच न केलेल्याचा भोग कोणास येऊ नये याची तजवीज ज्यांस ते कळते त्यांनीच केली पाहिजे. पितृऋण आपण आजवर मेलेल्यांचे देणे समजत आलो. या संशोधनाच्या उजेडात ते जन्मास यावयाच्या माणसांचे देणे ठरते, आणि नाशकाकडील सुरगाणा-पेठच्या डोंगरात भातलावणीस वाकलेल्या मुलीच्या ताटात आज काय पडते, यावर ते फिटणे वा वाढणे अवलंबून आहे. ज्या समाजास हे कळूनही तो त्या ताटाकडे पाहत नाही, त्याच्यापुरता हा भोग अकृताचा राहत नाही. ते त्याचे जाणूनबुजून केलेले कर्म होय.