नोंद झाली

रिद्धपूरला घरी गेलो की मोठे बाबा विचारतात, "तू नेमकं करून काय रायला बाप्पा?" मी सांगतो, "लोकांच्या नोंदी सांभाळतो." डेटाबेस, क्वेरी, ट्यूनिंग समजावण्यापेक्षा हे सोपं पडतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे उत्तर मला खरंही वाटायचं.

तेव्हा मी आणि एका मित्रानं आमच्या भागातल्या एका संत्रा व्यापाऱ्याला छोटं अ‍ॅप करून दिलं होतं. शेतकऱ्यानं माल आणला की क्रेट मोजायचे, नोंद करायची, त्याच्या मोबाइलवर मेसेज जायचा: 'नोंद झाली.' मागे पोस्टग्रेस, व्यापाऱ्याच्या ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. आंबिया बहाराचा माल सुरू झाला आणि एकेका नोंदीला पाच सेकंद लागायला लागले. बाहेर गाड्यांची रांग, आत व्यापाऱ्याचा आवाज. मी नेटवर वाचून 'एफसिंक' बंद केलं. पाचाचे तीन सेकंद झाले आणि सगळे खूश.

एफसिंक म्हणजे काय, ते सांगतो. डेटाबेसला 'कमिट' म्हटलं की तो आधी ती नोंद आपल्या लॉगमध्ये लिहितो, ती खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री करतो आणि मगच 'झालं' म्हणतो. हे खात्री करणं वेळखाऊ असतं. एफसिंक बंद केलं की तो चिठ्ठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात देतो आणि पोचली का ते न बघताच 'झालं' म्हणतो. एरवी काही बिघडत नाही. लाइन गेली की बिघडतं.

एका संध्याकाळी लाइन गेली, इन्व्हर्टरनंही दगा दिला. डेटाबेस पुन्हा उठलाच नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, तो चालला, हे आमचं नशीब. (२०१७च्या जानेवारीत गिटलॅबसारख्या कंपनीला ऐन वेळी कळलं की आपले नेहमीचे बॅकअप कामाचे नाहीत. त्यांचा सुमारे सहा तासांचा डेटा गेला. बॅकअप परत उतरवून बघितला नसेल, तर तो आहे असं म्हणू नये.) पण त्या दिवसाच्या ६१ शेतकऱ्यांच्या नोंदी गेल्या. त्यांच्या मोबाइलवर मात्र मेसेज होता: 'नोंद झाली.' मेसेजमध्ये क्रेटचा आकडा टाकायचं मला सुचलंच नव्हतं.

मग आम्ही विचारत फिरलो. शेतकऱ्यांना, हमालांना, गाडीवाल्यांना. बहुतेक आकडे जुळले. काही जुळले नाहीत. एक शेतकरी ४२ क्रेट म्हणत होता, हमाल ३८. व्यापारी म्हणाला, "४० लिहा, विषय संपवा." मलाही ते पटत होतं, कारण तक्ता स्वच्छ दिसला असता.

त्या रात्री मला माझं गाव आठवलं. शाळेत आम्हाला 'लीळाचरित्र' हे एका मार्काचं उत्तर होतं. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास, ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. हे लेखन रिद्धपूरच्या वाजेश्वरीत झालं, असं परंपरा सांगते. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली, आणि ज्यांना ग्रंथ आठवत होता त्यांनी तो पुन्हा उभा केला. एकानं नाही, अनेकांनी. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आहेत, आणि हिराइसांचा पाठ अशी माणसाच्या नावानं त्यांची ओळख आहे. वि. भि. कोलत्यांची संपादित आवृत्ती १९७८मध्ये आली, तोवर सातशे वर्षं झाली होती, आणि तरी ताडून बघायला वेगवेगळ्या पोथ्या होत्या. कुणी सगळ्यांची सरासरी काढून बाकीच्या पोथ्या बुडवल्या असत्या, तर ताडायला काय उरलं असतं?

४० क्रेट असं कुणीच म्हणालं नव्हतं. ती एकच गोष्ट नक्की खोटी होती.

आम्ही तक्त्यात एक रकाना वाढवला: 'कोणी सांगितलं.' दोन्ही आकडे ठेवले. पण पैसे तर एकाच आकड्याचे द्यायचे असतात. मी हे मोठ्या बाबांपुढे मांडलं. ते म्हणाले, "मशीननं हो म्हटलं ना? मंग त्यायचं काय चुकलं?" शेतकऱ्यांच्या आकड्यानं हिशेब झाला, फरक आमच्या मानधनातून गेला.

मला अजून टोचतं ते हे की जोखीम मी घेतलीच नव्हती. दोन सेकंद मी वाचवले आणि जोखीम त्या ६१ जणांवर टाकली, त्यांना न विचारता. वेग वाढवणं वाईट नाही. एखादं पान किती जणांनी पाहिलं ही मोजणी असेल, तर 'सिंक्रोनस कमिट' खुशाल बंद ठेवा. मूळ सेटिंगमध्ये फार तर अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या नोंदी जातील, बाकीचा डेटा धड राहील. पण ज्या 'झालं'वर विसंबून माणूस माल उतरवून घरी जातो, ते वेगळं असतं.

आणि खरं दुखणं डिस्कचं नव्हतंच. नंतर 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइज' चालवून बघितलं: शेतकऱ्याच्या मोबाइल नंबरावर इंडेक्स नव्हता, म्हणून दर नोंदीला अख्खा तक्ता चाळला जात होता. शिवाय प्रत्येक क्रेटसाठी मी वेगळं कमिट करत होतो. इंडेक्स टाकला, एका गाडीचे सगळे क्रेट एका व्यवहारात घेतले, एफसिंक चालू केलं. नोंद अर्ध्या सेकंदात व्हायला लागली. हे आधी बघायला वीस मिनिटं लागली असती.

आता मेसेजमध्ये आकडा जातो. त्या जुन्या तक्त्यात ४२ आणि ३८ अजून शेजारीशेजारी आहेत.