झिजलेल्या पाठीचा दावा

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दावा करताना अपघाताची तारीख, वेळ आणि ठिकाण द्यावे लागते. वर्षाला 20 रुपये खात्यातून कापून घेणाऱ्या या विम्यात अपघाताने दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले तर 2 लाख रुपये मिळतात. एक हात किंवा एक पाय गेला तर 1 लाख. पण बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडचा एखादा ऊसतोड कामगार वीस हंगाम डोक्यावर मोळ्या वाहून चाळिशीतच वाकला असेल, ‘मणक्यात गॅप पडलाय’ असे डॉक्टरांनी त्याला सांगितले असेल, तर त्याने तारखेच्या रकान्यात काय लिहायचे?

आपल्याकडचा गरिबांचा विमा तुटलेला अवयव ओळखतो, झिजलेले शरीर ओळखत नाही. ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. बीड जिल्ह्यात तरी कमाई बंद पडण्याचे कारण अनेकदा झिजणे हेच असते.

ऊसतोडीचा हिशोब माणसावर नसतो, कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावाने, आणि दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते तेव्हा ती फेडायला दोघेही फडात उभे राहतात. त्यातल्या एकाला दुखणे आले की उरलेला ‘अर्धा कोयता’ होतो. त्याने तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, हे सगळे एकट्याला झेपत नाही. म्हणजे आजारी पडतो एक आणि बुडते दोघांची मजुरी. वर खाडा पडला म्हणून दंड कापला जातो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि त्याच दुखऱ्या पाठीने पुन्हा जावे लागते. एकेकाचा पगार मोजणाऱ्या कोणत्याही विम्याच्या कोष्टकात हे नुकसान बसत नाही.

याची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यामागे कारणे अनेक होती: पाणी नाही, न्हाणीघर नाही, जंतुसंसर्ग अंगावर काढलेला, कॅन्सरची भीती घातलेली. पण पाळीच्या दुखण्यात एक दिवस पालावर पडून राहिले तर मजुरी जाते आणि दंडही बसतो, हे त्या सगळ्याच्या मुळाशी होते. आजारपणाच्या दिवसाचे थोडेसे पैसे मिळण्याची सोय असती, तर यातल्या किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या, हा प्रश्न आरोग्य खात्याइतकाच विमा खात्यालाही विचारायला हवा. आणि शस्त्रक्रियेनंतर सुरू होणारी कंबरदुखी, अशक्तपणा हे कुठल्याच योजनेत अपंगत्व ठरत नाही.

आजारपणात मजुरी देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. जर्मनीत बिस्मार्कने ती 1883 मध्ये कायद्यात आणली. आपल्याकडे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्या काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार केला. तो 1944 मध्ये सादर झाला आणि त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. आजारी कामगाराला वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी आणि ठरावीक दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत 80 टक्के, असा त्याचा आधार आहे. दावा करायला अपघात लागत नाही. दवाखान्याचा दाखला पुरतो.

मात्र या कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि हंगामी म्हणजे कोणते याच्या व्याख्येत साखर आणि गूळ यांची नावे घालून ठेवली. त्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत. दिंद्रुडपासून जवळच तेलगावला सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाच्या दिवसांत त्या परिसराची सगळी उलाढाल उसावर चालते, पण ऊस तोडणारा त्या कायद्याच्या दोन पावले बाहेर आहे. एक पाऊल कारखाना हंगामी म्हणून, दुसरे तो स्वतः कारखान्याचा नव्हे तर मुकादमाचा माणूस म्हणून.

दिंद्रुडमधल्याच जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला असाच मणक्याचा आजार झाला तर वैद्यकीय रजा असते. अपंगत्व आलेच तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 20 वे कलम त्याची नोकरी राखते. ते राखावेच. तोडणी कामगाराच्या वाट्याला त्या कायद्यातले फक्त प्रमाणपत्र येते. 40 टक्के भरले तर संजय गांधी निराधार योजनेत नाव लागू शकते. पण हे टक्के अवयवाची हालचाल मोजून ठरतात. मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढता येते का, हे कोणी मोजत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पण ती दवाखान्याचे बिल भरते, घरी पडून राहिल्याचे दिवस भरत नाही. खाजगी कंपन्यांचे विमे एक तर अपघातापुरते असतात, नाही तर यादीतल्या गंभीर आजारांपुरते, आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून पगारपत्रक नाही तर आयकराचे विवरणपत्र मागतात.

यावर नेहमीची हरकत येते: लोक खोटी दुखणी सांगतील. खोटे दाखले निघतात, हे मला मान्य आहे. पण पूर्ण मजुरी न देता तिचा काही हिस्सा देण्याची युक्ती कामगार विम्याने याच भीतीपोटी काढली, आणि ती इतकी वर्षे चालली आहे. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला अर्ध्या मजुरीवर पालात झोपून राहणे परवडणारच नाही.

पैसा कुठून, याचे उत्तर निम्मे तयार आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसावर टनामागे कारखान्याने 10 रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असे ठरलेले आहे. या निधीतून हंगामातल्या आजारपणाची मजुरी द्यावी. ती जोडीच्या नुकसानीवर मोजावी, पण बाईच्या वाट्याची रक्कम तिच्याच खात्यात जमा व्हावी, आणि त्या दिवसांचा खाडा कापायला मुकादमाला बंदी असावी. पुरावा म्हणून फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा केसपेपर धरावा, मग तो जिल्हा सांगलीचा असो की बेळगावचा. ग्रामपंचायतीने दिलेल्या ओळखपत्रावर प्रत्येक हंगामाची नोंद झाली, तर किती वर्षे मोळ्या वाहिल्या हेही त्यातून दिसेल. मणक्याच्या दाव्यात तारखेच्या रकान्याऐवजी हंगामांची ती यादी लावता येईल.