बाइंडिंगला गेलेलं पुस्तक

'ते पुस्तक बाइंडिंगला गेलंय.' वाचनालयाच्या काउंटरवर मिळणारं हे उत्तर बहुतेक वेळा खरंच असतं. एखादे वेळी मात्र पुस्तक मागच्या कपाटात कुलूपबंद असतं आणि ग्रंथपालाला सकाळीच कोणाचा तरी फोन येऊन गेलेला असतो.

कोल्हापूरला हे शोभणारं नाही. करवीर नगर वाचन मंदिर इथं १८५० पासून आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशातला पहिला कायदा केला तो १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं. मद्रासचा १९४८ चा, महाराष्ट्राचा तर १९६७ चा. कायद्यानं ग्रंथालयांना सरकारी आधार दिला, पण त्याबरोबर सरकारी हातही आला. वाचनालयाचा दर्जा अ की ड हे ठरवणारं, तपासणी करणारं आणि अनुदानाचा हप्ता सोडणारं सरकारच. हप्ता लांबला की ग्रंथपालाचा आधीच तुटपुंजा पगार लांबतो. अशा माणसासाठी बंदीचा आदेश काढावा लागत नाही. वरचा सूर कळला तरी पुरतो.

आणि नुसत्या सरकारला तरी काय बोल लावायचा? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली ती जमावाकडून. कारण काय, तर जेम्स लेन यांनी शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते! पुस्तकावरची सरकारी बंदी पुढं न्यायालयात टिकली नाही; २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. लेन यांची काही विधानं बेजबाबदार होती, असं माझंही मत आहे. पण असं मत बनवायला पुस्तक हातात तर पडायला हवं.

गोविंद पानसरे यांच्यावर २०१५ मध्ये याच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका प्रत्येक वाचनालयात समोरच्या फळीवर हवी, आणि तिचा प्रतिवाद करणारं पुस्तकही तिच्याच शेजारी. आपल्याला आवडणारं तेवढंच ठेवा म्हणणारे पुरोगामीही मी पाहिले आहेत.

यंदा वाचनालयाच्या वार्षिक सभेला जा. जमाखर्चाला 'मंजूर, मंजूर' म्हणून चहाकडं वळण्याआधी विचारा: पुस्तकं कोण निवडतं? निर्लेखनाच्या नावाखाली कोणती काढली? ती यादी नोटीस बोर्डावर आणि पूर्ण ग्रंथसूची ऑनलाइन लावायला सांगा, आणि तसा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.