गरज आणि शोभा

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे की, तिच्या पोटात एक नीतिसिद्धांत दडलेला आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मनुष्याच्या गरजांना पायऱ्यांसारखा क्रम आहे, आणि खालची पायरी चढल्यावाचून वरचीवर पाऊल ठेवू नये, असा तो सिद्धांत होय. येथवर कोणाची तक्रार नसावी. परंतु व्यवहारात आपण त्याला नकळत एक पुरवणी जोडतो. जो खालची पायरी दुसऱ्याच्या हाताला धरून चढला, त्याने वरच्या पायरीचे नाव काढणे म्हणजे अविनय, अशी ती पुरवणी. याचकाने अन्न मागावे, रुचीची गोष्ट बोलू नये. वस्त्र मागावे, रंगाची निवड करू नये. ही पुरवणी आम्हीही आजवर निःशंकपणे मानीत आलो. एका वृद्ध बाईंच्या साध्या प्रश्नाने आमची ती श्रद्धा डळमळली. ते कसे घडले हे सांगावे, आणि त्यातून निघणाऱ्या प्रश्नाचा विचार वाचकांबरोबर करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, नगरहून करमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिरजगाव आहे. मुलूख अवर्षणाचा, ज्वारी पिकते ती पावसाच्या मर्जीने. त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाताना या गावी मुक्कामास उतरते. येथे आमच्या आप्तांपैकी एक बाई राहतात. वय साठीच्या पुढे, आणि मधुमेह बहुत दिवसांचा. या रोगात पायाच्या मज्जातंतूंची जाणीव हळूहळू बोथट होते आणि रक्ताचा पुरवठाही मंदावतो. म्हणून काटा मोडला तरी कळत नाही, व कळला तरी जखम लवकर भरत नाही. बाईंचे असेच झाले. बाभळीच्या काट्याचे निमित्त होऊन जखम चिघळली, आणि अखेर डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढे एका धर्मादाय शिबिरात त्यांना कृत्रिम पाय मिळाला आणि त्या घरात हिंडूफिरू लागल्या.

पाय कापल्यावर जो भाग उरतो तो काही काळाने आक्रसतो, आणि ज्या पेल्यासारख्या भागात तो बसवितात, ज्याला कारागीर सॉकेट म्हणतात, तो सैल पडतो. बाईंना नवे सॉकेट करून घेण्याची वेळ आली तेव्हा आम्ही त्यांना पुण्यास एका कारागिराकडे नेले. त्याने उरलेल्या पायाचा प्लॅस्टरने ठसा घेतला. ठशावरून साचा कसा करतात, साच्यावर कापडाचे थर चढवून त्यांत रेझिन म्हणून राळेसारखा रस कसा जिरवितात, आणि तो सुकला म्हणजे कापडाचेच कठीण कवच कसे बनते, हे सर्व त्याने समजावून सांगितले. बाईंनी एवढेच विचारले, “सगळ्यात वरचा थर माझ्या कापडाचा चालंल का?” कारागीर म्हणाला, “चालेल की, मावशी. कापड पातळ असले म्हणजे झाले.” तेव्हा त्यांनी पिशवीतून जुन्या हिरव्या इरकली लुगड्याचा तुकडा काढला, तांबड्या काठासकट.

आमच्या तोंडून सहज निघून गेले, “मावशी, चालता येते आहे, एवढे पुरे नाही का? आता या वयात पायाला काठपदर कशाला?”

त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “दादा, चष्मा घेतला तवा फ्रेम तुम्हीच पसंत केली ना? दिसतं तर कोणत्याबी फ्रेमीतून तेवढंच.”

आम्ही निरुत्तर झालो. चष्मा हे देखील एका उणिवेला दिलेले कृत्रिम साहाय्यच नव्हे काय? तो घेताना आपण अर्धा घटका आरशासमोर उभे राहतो, आणि त्यात कोणासही काही वावगे वाटत नाही. मग पायाच्या बाबतीत तीच गोष्ट चैनीची का ठरावी? फरक वस्तूत नाही. आपण त्या मनुष्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, त्यात आहे. चष्मा लावणाऱ्यास आपण आपल्यातला समजतो. पाय गमावलेल्यास आपण दयेचा विषय समजतो. आणि दयेच्या विषयाला आवडनिवड असते, हे आपल्याला रुचत नाही.

गरज आणि शोभा यांच्यामध्ये आपण जी भिंत कल्पितो, ती प्रत्यक्षात कितपत टिकते हे पाहण्यास जयपूर फूटचा इतिहास उपयोगी आहे. त्यापूर्वी आपल्या देशात परदेशी घडणीचे जे कृत्रिम पाऊल मिळे, ते बुटात घालावयाचे असे. त्याला बोटे नसत, आणि ते घालून उकिडवे बसता येत नसे की मांडी घालता येत नसे. परंतु आपला शेतकरी चिखलात अनवाणी उतरतो. आपण घरात व देवळात शिरताना पायताण बाहेर काढतो. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने, ज्यांना सर्वजण मास्टरजी म्हणत, अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासह रबराचे नवे पाऊल सिद्ध केले. मास्टरजींचे शालेय शिक्षण अगदी थोडे होते. विद्या होती ती हाताची. ट्रकच्या टायरवर रबर चढविताना पाहून त्यांना या कामाची वाट सुचली. त्यांनी घडविलेले पाऊल लवचीक होते, पाण्यात टिकणारे होते, आणि मुख्य म्हणजे ते पावलासारखे दिसत होते: गव्हाळ रंगाचे, पाच बोटांचे. केवळ भार तोलण्यास बोटांचा आकार कशाला हवा, असे कोणी विचारील. पण तो आकार नसता तर देवळाच्या दारात वहाण काढताना मनुष्य संकोचाने थबकला असता. चारचौघांत मिसळणे हे जर पायाचे एक कार्य असेल, तर रूप हाही उपयोगाचाच एक भाग ठरतो. १९८१ साली अपघातानंतर पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन हिने याच पावलावर उभे राहून १९८४ साली पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम् केले.

हे नवे नाही. ऋग्वेदात विश्पलेला अश्विनीकुमारांनी धातूची जंघा दिल्याचा उल्लेख आहे. इजिप्तमध्ये एका स्त्रीच्या ममीच्या पायास लाकूड व चामडे यांचा कृत्रिम अंगठा आढळला. तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा असून कैरोच्या संग्रहालयात आहे. त्या अंगठ्यावर कारागिराने नखही कोरले आहे. नखावाचून चालणे अडले नसते. तरी त्याने ते कोरले. पहिल्या महायुद्धात ज्या सैनिकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले, त्यांच्यासाठी ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार स्त्रीने पॅरिसमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे घडविले आणि त्या त्या सैनिकाच्या कांतीशी जुळेल असा रंग त्यांना दिला. तेथे कलेचे काम झाकण्याचे होते. उलट १९९९ साली लंडनच्या एका वेषभूषा-प्रदर्शनात एमी मलिन्स ही दोन्ही पाय नसलेली तरुणी कोरीव लाकडी पाय घालून चालली. त्यांवर वेली व फुले होती, आणि पाहणाऱ्यांना ते उंच बूटच वाटले. येथे कलेचे काम दाखविण्याचे होते.

यावर विचारी मनुष्याचे तीन आक्षेप येतील. पहिला द्रव्याचा. जेथे साधा पाय मिळण्यासही रांग लागते, तेथे नक्षीवर पैसा का वेचावा? आक्षेप वजनदार आहे, आणि एकाची नक्षी दुसऱ्याचा पाय हिरावून घेत असेल, तर आम्हीही नक्षीच्या विरुद्ध मत देऊ. परंतु मिरजगावच्या बाईंच्या लुगड्याच्या तुकड्याला खर्च पडला तो शून्य. तेथे आडवी आली ती पैशाची अडचण नव्हे, आमची मनोवृत्ती.

दुसरा आक्षेप प्रकृतीचा. सुंदर पायाने मधुमेह हटत नाही, आणि शोभेच्या नादात जखमेकडे दुर्लक्ष झाले तर उरलेला भागही धोक्यात येतो. हेही खरे. म्हणूनच सॉकेटची आतली बाजू गुळगुळीत व नेमकी असावी, वजन वाढू नये, आणि जी काही कला करावयाची ती बाहेरून करावी, हा नियम कोणताही शहाणा कारागीर पाळतो. बाई रोज रात्री पाय उतरवून, हातात आरसा धरून उरलेल्या भागाची त्वचा तपासतात. ज्या वस्तूची लाज वाटते ती मनुष्य कोपऱ्यात टाकतो. जी आपली वाटते तिची निगा राखतो.

तिसरा आक्षेप अभिरुचीचा. व्यंग झाकावे, मिरवू नये. ज्यांना झाकावेसे वाटते त्यांचा तो अधिकार आम्ही मानतो. हुबेहूब त्वचेसारखा पाय मागणारा भित्रा नव्हे, आणि काठपदराचा पाय मागणारी निर्लज्ज नव्हे. सर्वांनी मिरवावे असा आग्रह धरणे म्हणजे जुन्या सक्तीच्या जागी नवी सक्ती बसविणे होय. प्रश्न झाकावे की दाखवावे हा नसून, ते कोणी ठरवावे हा आहे.

वस्तुतः आपल्या गरीब मुलखानेच गरज आणि शोभा यांची ताटातूट कधी मानली नाही. गोधडी थंडीसाठी असते. तरी शिवणारी बाई चिंध्यांतून तांबडा तुकडा शोधून मध्यभागी लावते. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवितात. त्याने नांगर खोल जात नाही, पण बैल आपल्या घरचा आहे हे त्यातून सांगितले जाते. ज्याला आपण आपले म्हणतो त्याला सजवितो. ज्याला नुसते पोसतो, त्याला सजवीत नाही. दान देणाऱ्याने, आणि दात्यांत आम्हीही आलो, हा भेद ओळखावा. वस्तू दिली आणि निवड राखून ठेवली, तर घेणाऱ्याच्या अंगावर दात्याचीच इच्छा वागते. निवडीचा हक्क देण्यास पैसा लागत नाही. थोडा अहंकार मात्र सोडावा लागतो, आणि तोच बहुधा महाग पडतो.

गेल्या ज्येष्ठात आम्ही मिरजगावी होतो. आदल्या वर्षी पालखी आली तेव्हा बाई दाराआड बसून, पदराने पाय झाकून, टाळांचा आवाज ऐकत होत्या असे घरच्यांनी सांगितले. या खेपेस त्यांनी लुगडे किंचित वर खोचले, काठी घेतली, आणि दिंडीबरोबर वेशीपर्यंत चालत गेल्या. एका वारकरी बाईने वाकून तो हिरवा पाय पाहिला आणि विचारले, “इरकल का हो ही?” बाई म्हणाल्या, “व्हय, माझ्या लग्नातलं.” मग दोघी लुगड्यांविषयी बोलू लागल्या, पायाविषयी कोणी काही विचारले नाही. आम्ही मागून चाललो होतो. पुण्यास आपण उच्चारलेले ते वाक्य त्या वेळी आम्हास पुन्हा आठवले, आणि ते परत घेता आले असते तर बरे झाले असते, असे वाटले.