जुने बोल्ट

"जुनेच टाक. इंजिन बंद झाल्यावर कोण बघतंय?" शेठ म्हणाला.

दोस्तांनो, कनेक्टिंग रॉडचा बोल्ट दिसायला धडधाकटच. नव्याशेजारी धरून मोजला की कळतं, ताणून ताणून लांबलाय. बाजारातला त्याच आट्यांचा आणावा, तर १०.९च्या जागी ८.८चा चालत नाही. स्फोटाचा दाब रॉडवर येतो; बोल्ट ताणला जातो तो धूर फेकून पिस्टन वरून माघारी ओढताना, डोक्यावर दाब नसताना. तिथं तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर. घाटात तेव्हा स्टेअरिंगवर शेठ नसतो.

मी पाना खाली ठेवला. पण दुसरा मिस्त्री तेच बोल्ट आवळणार. मग माझ्या नकारानं काय झालं? माझे हात तेवढे स्वच्छ राहिले. (स्वच्छ हातांची मिजास आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलीय.) १९३६ साली लाहोरच्या मंडळाला बाबासाहेबांचं भाषण खुपलं. त्यांनी मजकूर बदलला नाही. भाषण झालंच नाही, पण ते गप्प बसले नाहीत. पदरमोड करून छापलं.

संध्याकाळी ड्रायव्हरला चहाला नेलं. टेबलावर दोन बोल्ट शेजारी शेजारी उभे केले. तो बराच वेळ बघत राहिला.